किती पट्ट्या दिसतात?

आमच्या प्रमिलाताईंसमोर कुणी "फोटो छान आलाय" असं म्हटलं की त्या माणसाची पंचाईत ठरलेली. "छान म्हंजे किती?" हा प्रश्न यायचाच. मग तो फोटो लग्नाचा असो, नाहीतर मोडलेल्या हाडाचा. माझ्या साखरपुड्याचे फोटो मी कौतुकानं मोबाइलवर दाखवले, तर बाईंनी माझ्या होणाऱ्या बायकोच्या साडीवर बोट ठेवलं, फोटो मोठा केला आणि म्हणाल्या, "काठावरची वेलबुट्टी सपाट झालीय बघ. कॅमेरा बरा न्हाय." पोरगी कशी आहे, काय करते, एक शब्द नाही. मला रागच आला. घरी जाऊन मी गुपचूप फोटो मोठा करून बघितला, तर वेलबुट्टी खरोखर सपाट होती. मग आणखी राग आला.

ताई आणि मी एकाच कचेरीत होतो. कोल्हापुरात आमच्या मालकांची छोटी फर्म आहे. जिल्ह्यातल्या दवाखान्यांची एक्स-रे मशीनं आम्ही तपासून देतो. असं मशीन ठीक चाललंय की नाही हे दर दोन वर्षांनी बाहेरच्या माणसानं बघायचं, दाखला द्यायचा, तेव्हा कुठं दवाखान्याचा परवाना पुढं चालू राहतो. ताई फिजिक्स शिकलेल्या, मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. मी बिद्रीचा, वडील साखर कारखान्यात होते, त्यामुळं मशीन म्हटलं की मला आवाज ऐकू येतो. हे मशीन आवाजच करत नाही. नुसतं टिक्क, आणि झालं. सुरुवातीला मला ते फसवाफसवीचं काम वाटायचं.

आज ताईंच्या खुर्चीवर मी बसतो. खुर्ची चांगली आहे, पाठीला टेकू आहे. पण मला तिच्यात नीट बसवत नाही. दुसरी आणा म्हणून मालकांना दोनदा सांगितलं, ते हसले.

तर आमच्या कामात एक पाटी असते, तळहाताएवढी. तिच्यात शिशाच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, पाच-पाचच्या गटानं. पहिल्या गटातल्या जाड, पुढच्या त्याहून बारीक, असं करत शेवटच्या गटातल्या केसासारख्या. या पाटीचा एक्स-रे काढायचा आणि बघायचं, कितव्या गटापर्यंत पट्ट्या एकमेकींपासून सुट्या दिसतात. ज्या गटात त्या मिसळून राखाडी डाग होतो, तिथं त्या मशीनची नजर संपली. त्याहून बारीक काही त्याला दिसत नाही, मग ते शिसं असो की हाडातली चीर. एवढंच आहे, शाळेतल्या पोराला कळेल. आम्ही बाकीचे लोक हे उभ्याउभ्या उरकतो. पडद्यावर बघायचं, गट सांगायचा, पेटी बंद.

ताईंचं तसं नव्हतं. पाटीचा एक्स-रे पडद्यावर आला की त्या खोलीबाहेर जायच्या आणि बाकड्यावर बसलेलं कुणीही माणूस धरून आणायच्या. पेशंटचा भाऊ, झाडलोट करणारी मावशी, औषधं पोचवायला आलेला माणूस, कुणीही. अट एकच, त्याला या धंद्यातलं काही माहीत नसावं. मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात त्यांनी गडमुडशिंगीचा एक शेतकरी आत आणला. बिचारा आईला घेऊन आला होता.

"आईचं काय निघालं का?" तो दारातच थांबून म्हणाला.

"आईचं न्हाय, पावणं. हे बघा. या चौकोनात किती पट्ट्या दिसतात? मोजून सांगा."

"पाच."

"आणि यात?"

"पाच."

"यात?"

त्यानं पडद्याला नाक लावलं. बराच वेळ बघितलं. "चार." मग त्यानं ताईंच्या चेहऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, डॉक्टरांकडं बघितलं. "कमी झाल्या का? पाच पायजेत का? पाच म्हणतो की."

"पायजेत तेवढ्या सांगू नका. दिसतात तेवढ्या सांगा."

"मग चारच. पण बाई, दवाखान्याचं काय नुकसान हुणार असंल तर पाच लिवा. आमची काय हरकत न्हाय."

डॉक्टर हसले, मीही हसलो. ताई हसल्या नाहीत. त्यांनी त्या माणसाला हात जोडून धन्यवाद दिले, गाव विचारलं, गडमुडशिंगी म्हटल्यावर गल्ली विचारली, कारण ते त्यांचं माहेर, आणि मग वळून डॉक्टरांना सांगितलं की या गटाच्या आधीच तुमच्या मशीनची हद्द संपली. परतताना मी म्हणालो, "ताई, आपण दोघं शिकलेली माणसं असताना हा तमाशा कशाला?" त्या म्हणाल्या, "चौगले, पाटीत पाच हायत हे तुला माहीत हाय. तुला पाचच दिसणार. मला पण."

बाई उंच होत्या. सुती साडी आणि साडीखाली पांढरे पळायचे बूट, कारण दिवसभर उभं राहायचं. शिशाचा जड एप्रन खांद्यावर टाकून त्या जिना चढायच्या आणि मागून मी मोकळ्या हातानं धापा टाकत. विद्यापीठातल्या लोकांशी बोलताना पुस्तकी मराठी, तिकडं "आहे" आणि "नाही". एरवी आमच्याशी "हाय" आणि "न्हाय", आणि राग आला की तिकडंही तेच. त्यावरून आम्ही ओळखायचो की आता सरकून उभं राहावं. बुद्धपौर्णिमेला कचेरीत खीर आणायच्या, स्टीलच्या मोठ्या डब्यातून, आणि सगळ्यांनी दोन वाट्या खाल्ल्याशिवाय डबा परत न्यायच्या नाहीत. एप्रिलात जयंतीला रजा मागायच्या नाहीत, सांगायच्या. मालक एकदा म्हणाले की त्या दिवशी इचलकरंजीचं काम आहे. ताई म्हणाल्या, "मग दुसऱ्या दिवशी जाऊ." विषय संपला.

त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. चष्म्याचा नंबर काढायला गेल्या, बाहेर थांबावं लागलं, आणि दार उघडं असल्यामुळं भिंतीवरची अक्षरं त्यांच्या कानावर पडत राहिली, कारण आतला पेशंट मोठ्यानं वाचत होता. यांचा नंबर आल्यावर या म्हणाल्या, "हा तक्ता बदला. मला पाठ झालाय." डॉक्टर म्हणाले, दुसरा नाही. "मग मी खोटी पास होईन," असं म्हणून बाई उठल्या आणि दुसऱ्या दवाखान्यात गेल्या. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. आता ती गोष्ट सांगताना माझं हसू मध्येच थांबतं.

आणखी एक सांगतो. शहरातल्या एका नव्याकोऱ्या सेंटरला आम्ही गेलो होतो. मालक डॉक्टर तरुण, हौशी. पडद्यावर एका छातीचा एक्स-रे लावून म्हणाले, "मॅडम, बघा तरी, काय झकास फोटो येतोय."

"झकास हे माप न्हाय, डॉक्टर."

"अहो पण कडा बघा की कशा उठल्यात."

"कडा कंप्युटर उठवतोय. जे मशीननं टिपलंच न्हाय ते कंप्युटर कुठनं आणणार? असलेलंच नटवून दाखवतोय." मग त्या जरा नरमल्या. "नटवलेलं वाईट असतंय असं न्हाय. पण नटवलेलं बघून आपल्याला वाटतंय की सगळं दिसलं. आणि मग आपण शोधायचं थांबतो."

डॉक्टर तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले. मशीन चांगलं होतं, पास झालं, चहा-बिस्किटं झाली. पण शेवटचं वाक्य बोलताना ताईंचा आवाज बदलला होता, ते मला कळलं होतं. मी फार बारकाईनं बघणारा माणूस नाही, तरी कळलं.

त्याचं कारण मला पुढं मलकापूरच्या वाटेवर समजलं. त्या बाजूच्या एका खासगी दवाखान्याची तपासणी होती. मी गाडी चालवत होतो. बांबवड्याला चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी कप हातात धरूनच सांगायला सुरुवात केली.

मी फर्ममध्ये यायच्या आधी त्यांनीच त्या दवाखान्याचं मशीन तपासलं होतं. नोकरीत नव्याच होत्या. पडद्यावर पाटी आली. तिसऱ्या गटापर्यंत स्वच्छ. चौथा जरा धूसर. पण पाचवा आणि सहावा पुन्हा स्वच्छ, पट्ट्या सुट्या सुट्या. ताईंना वाटलं, चौथ्यावर काहीतरी डाग असेल. सहाव्यापर्यंत दिसतंय म्हणून त्यांनी मशीन पास केलं, आणि डॉक्टरांचं अभिनंदनही केलं की जुनं असून चांगलं ठेवलंय.

आता हे आमच्या धंद्याबाहेरच्या कुणाला पटकन कळणार नाही, म्हणून सांगतो. मशीनची ट्यूब जुनी झाली की किरण जिथून निघतात तो ठिपका फुगतो, पसरतो. मग एका गटाला पट्ट्या मिसळतात, आणि त्याच्या पुढच्या बारीक गटांत एकमेकींवर पडलेल्या सावल्यांतून पुन्हा पट्ट्या तयार होतात. स्वच्छ, सुट्या, पण खोट्या. जिथं पट्टी असते तिथं फट दिसते, फट असते तिथं पट्टी. आणि त्या पाच नसतात, चार असतात. नुसतं बघणाऱ्याला त्या दिसतात, आणि मोजणाऱ्याला एक कमी भरते.

"जाड पट्ट्या दिसेनात आणि बारीक दिसायल्यात, हे कसं हुईल?" ताई म्हणाल्या. "एवढा साधा प्रश्न मला पडला न्हाय, चौगले. मी एम.एस्सी. केलेली बाई."

दोन वर्षांनी त्या पुन्हा तिथं गेल्या, तेव्हा त्यांनी मोजलं. मशीन बंद करायला लावलं, नवी ट्यूब बसली. त्या वेळी तिथला एक्स-रे काढणारा माणूस सहज म्हणाला की बरं झालं, मधे एका बाईची चीर या मशीनवर राहूनच गेली होती. गोठ्यात पाय घसरून ती हातावर पडली होती. एक्स-रेत काही दिसलं नाही, मुरगळलंय म्हणून सांगितलं, तेल लावून चोळायला लावलं. अंगठ्याखाली मनगटात काजूएवढं एक हाड असतं, त्याला चीर गेली होती. ते हाड वेळेवर बांधलं नाही तर सांधत नाही. कोल्हापूरला नेईपर्यंत सांधायची वेळ गेली होती.

"बाईचं नाव सुवर्णा," ताई म्हणाल्या. "दोन म्हशी हायत. धार काढता येत न्हाय आता तिला. मूठ वळत न्हाय."

मी लगेच वकिली सुरू केली. माझा स्वभावच तसा आहे, कुणी दुःख सांगितलं की मी त्याची बाजू मांडायला लागतो. म्हटलं, ताई, डॉक्टरनं पुन्हा दहा-बारा दिवसांनी बोलवायला पाहिजे होतं. ते हाड चांगल्या मशीनवरसुद्धा पहिल्या दिवशी दिसत नाही कधी कधी. त्यात तुमचा काय दोष? ताई म्हणाल्या, "मला तेच पायजे हाय. माझा दोष किती, ते मोजून पायजे."

आणि त्या खरोखरच मोजायला निघाल्या होत्या. सुवर्णाचा तो पहिला एक्स-रे त्यांनी दवाखान्याच्या कंप्युटरमधून डॉक्टरांच्या परवानगीनं मिळवला होता. पुढच्या महिन्यात त्या मला घेऊन कोल्हापुरातल्या एका वयस्कर रेडिओलॉजिस्टांकडं गेल्या. भला माणूस. त्यांनी अंधाऱ्या खोलीत मोठ्या पडद्यावर तो हात लावला, थोडा वेळ बघितला आणि म्हणाले, "दिसतेय की. ही काय, इथं. फिकट आहे, पण आहे. अहो, तुमचं मशीन नाही, त्या डॉक्टरची नजर चुकली." मी सुटकेचा श्वास सोडला. मला वाटलं, चला, आता बाई मोकळ्या झाल्या.

ताई म्हणाल्या, "सर, मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं की तिथं चीर आहे."

मग त्यांनी शेजारच्या खोलीतल्या त्यांच्या दोन शिकाऊ डॉक्टरांना एकेक करून बोलावलं आणि काही न सांगता विचारलं, या मनगटात काय दिसतं? पहिली म्हणाली, सगळं ठीक आहे. दुसरा बराच वेळ घुटमळला, त्यानं भलत्याच हाडावर बोट ठेवलं. दोघं गेल्यावर म्हातारे डॉक्टर चष्मा पुसत बसले. म्हणाले, "प्रमिला, चांगल्या मशीनवर त्या दिवशी ती दिसली असती का, हे मला सांगता येणार नाही. तुलाही नाही. तो दिवस गेला."

"म्हणजे माझा दोष असेल किंवा नसेल."

"हो."

"दोन्ही एकदम घेऊन राहायचं."

जिन्यावरून उतरताना ताईंनी कठड्याला धरलं होतं. एरवी कधी धरायच्या नाहीत.

त्यानंतर त्या सुवर्णाकडं गेल्या. मी नको म्हणत होतो आणि गाडी पण मीच चालवत होतो. मलकापूरपासून आत एक वस्ती, डांबर संपतं तिथून थोडं पुढं. सुवर्णा माझ्याच वयाची असेल. उजवा हात तिनं पदरात ठेवला होता. गोठ्यात सासू धार काढत होती, बादलीत दूध पडल्याचा आवाज येत होता, आणि सुवर्णा त्या आवाजाकडं पाठ करून बसली होती. ताईंनी आपण कोण ते सांगितलं. आणि मग मोबाइल काढून त्या जुन्या पाटीचा एक्स-रे तिच्यासमोर धरला.

"या चौकोनात किती पट्ट्या दिसतात?"

सुवर्णानं मोजल्या. "चार."

"पाच हायत. मशीन नीट असतं तर पाच दिसल्या असत्या. तुझा हात ज्या मशीनवर काढला ना, ते मशीन मी पास केलतं."

सुवर्णाला समजायला वेळ लागला. मग तिनं विचारलं, "तवा तुम्ही मोजल्या न्हाईसा?"

"न्हाय."

"नुसतं बघितलासा."

"व्हय."

गोठ्यातला आवाज थांबला होता. सासू दारात येऊन उभी राहिली. सुवर्णा म्हणाली, "मग मला कशाला सांगाय आलासा? माफ कर म्हणाय? मी न्हाय करत. मी पडलो, त्यो माझा पाय घसरला. पण एवढ्या लांब जाऊन पैसं भरून फोटू काढला, त्यो कशापायी? दिसावं म्हणूनच की." ती उठली आणि डाव्या हातानं चुलीवर भांडं ठेवलं. "चा घिऊन जावा. पर पुन्यांदा या कामाला येऊ नगा."

आम्ही चहा घेतला. असला चहा मी आयुष्यात प्यायलो नाही, चांगला होता आणि गिळवत नव्हता.

गाडीत बसल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तुम्ही कशाला सांगितलंत? तिला काही माहीत नव्हतं. नशिबाला बोल लावून ती गप्प बसली होती. तुम्हाला हलकं व्हायचं होतं म्हणून तुम्ही तिला जड केलंत." ताई खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "खरं हाय तुझं." मग पुष्कळ पुढं आल्यावर म्हणाल्या, "हलकं बी झालं न्हाय." माझं बोलणं चुकीचं नव्हतं, पण ते मी त्या दिवशी बोलायला नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यानंतर ताई आणखीच कडक झाल्या. एका दवाखान्यात तीन-तीन माणसांकडून पट्ट्या मोजून घ्यायच्या. तासाभराच्या कामाला दुपार जायची. दवाखान्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. दुसऱ्या फर्मची माणसं कधी येतात, कधी जातात, कळत पण नाही म्हणे, आणि तुमच्या बाई पेशंटना गोळा करून शाळा भरवतात. मालकांनी ताईंना समजावलं, "अगदीच वाईट असेल तर बंद करा. काठावरचं असेल तर जाऊ द्या." ताई म्हणाल्या, "काठावरच माणसं पडतात." मालकांना ते आवडलं नाही, आणि मला आवडलं, पण मी काही बोललो नाही.

आता शेवटचं सांगतो. आधीच सांगून टाकतो की त्या दिवशी जे झालं त्यावरून ताईंची नोकरी गेली. फर्मची गाडी परवानगीशिवाय नेली, तपासणी अर्धवट टाकली, दवाखान्याच्या मालकाशी वाद घातला, असे तीन मुद्दे होते. मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "चौगलेनं गाडी मी सांगितली म्हणून चालवली." मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. खोटं काही नव्हतं त्यात, ताईंनीच सांगितलं होतं. पण नसतं सांगितलं तरी मी चालवली असती, हे वाक्य माझ्या तोंडात होतं आणि ते तिथंच राहिलं. ताई आता मुलाकडं पुण्याला असतात. सणावाराला फोन करतात, मशीनची चौकशी करतात, खुर्चीची करत नाहीत. मी पट्ट्या मोजतो, अजूनही. पण बाहेरच्या माणसाला आत बोलवायला माझी जीभ रेटत नाही. एकटाच मोजतो, आणि पाच आल्या की माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही.

तर तो दिवस. तोच दवाखाना, मलकापूरच्या बाजूचा. पुन्हा दोन वर्षं झाली होती. नवी म्हणून बसवलेली ट्यूब आता खराब होऊ लागली होती. ताईंनी बाकड्यावरचे दोन म्हातारे आणून मोजून घेतलं, दोघांनीही चौथ्या गटाला चार सांगितल्या. ताईंनी डॉक्टरांना सांगितलं, दुरुस्ती होईपर्यंत मशीन बंद. डॉक्टर तापले. बाजाराचा दिवस, बाहेर पेशंटची गर्दी. तेवढ्यात बाहेरून एका बाईचा चढा आवाज आला, "बंद म्हंजे? पोरीचा हात सुजलाय की. कुणी बंद केलं मशीन?"

ताई बाहेर गेल्या. मी मागोमाग गेलो. सुवर्णा होती. सोबत तिची मुलगी, नऊ-दहा वर्षांची, शाळेच्या गणवेशात. सायकलवरून पडली होती. मनगट ओढणीत बांधलेलं, गालावर आसवं सुकलेली.

सुवर्णानं ताईंना ओळखलं. डॉक्टर मागून आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आत या. मी काढतो फोटो. मोडलंय की नाही एवढं तर नक्की कळेल."

सुवर्णानं डॉक्टरांकडं बघितलंच नाही. ती ताईंना म्हणाली, "ह्येच्यात दिसंल का?"

"मोठं मोडलं असंल तर दिसंल."

"आणि बारीक असंल तर?"

"न्हाय दिसायचं."

"मग?"

"कोल्हापूर. तिथलं मशीन मी गेल्या आठवड्यात मोजलंय. आमची गाडी हाय."

डॉक्टर म्हणाले, पोरीला उगाच एवढा लांबचा प्रवास कशाला, आणि या बाई तुम्हाला घाबरवतायत. मी ताईंच्या कानाशी लागलो, "मालकांना फोन तरी करू या." ताईंनी ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. सुवर्णा बराच वेळ उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं मला सांगता येणार नाही, राग तर होताच. शेवटी तिनं मुलीला पुढं केलं आणि म्हणाली, "चला."

मुलीचा हात मोडलेला नव्हता. कोल्हापुरात स्वच्छ फोटो निघाला, म्हाताऱ्या रेडिओलॉजिस्टांनी स्वतः बघितला, नुसता मुरगळला होता. मालकांनी नंतर हेच ताईंना ऐकवलं, एवढं करून निघालं काय? ताई म्हणाल्या, "काय न्हाय हे दिसलं." पण ते पुढचं. मला ताई आठवतात, त्या दिवशीच्या गाडीतल्या.

मी चालवत होतो. मागच्या सीटवर मुलगी मधे, एका बाजूला सुवर्णा, एका बाजूला ताई. हात हलला की मुलगी कळवळायची. सुवर्णानं तो आपल्या मांडीवर घेऊन धरायचा प्रयत्न केला. रस्ता उखडलेला, गाडी आदळली की तिची पकड सुटायची. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा मुलगी ओरडली, तेव्हा सुवर्णानं तो हात उचलला आणि ताईंच्या मांडीवर ठेवला.

"तुम्ही धरा," ती म्हणाली. "मला धराय येत न्हाय."

आरशात मला ताई दिसत होत्या. दोन्ही हातांनी त्यांनी ते बारकं मनगट खालून पेललं होतं आणि मान खाली घातली होती. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मुलीच्या बाहीवर पडत होतं, आणि पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. सुवर्णा खिडकीबाहेर बघत होती. पुढं मोठा खड्डा आला, मी गाडी अगदी हळू केली.

"सरळ धरलाय न्हवं?" सुवर्णानं न वळता विचारलं.

"धरलाय," ताई म्हणाल्या.